कोणीच न विचारलेला प्रश्न

या सदरातील अनुभव मी नियमित वाचते. पण खरे सांगायचे तर त्यांतील त्रुटी शोधण्यासाठी. अंधार होता, थकवा होता, माहिती ऐकीव होती... कारण बहुधा दुसऱ्या परिच्छेदातच सापडते. मी गणितात एम.एस्सी. केले आहे. भुतांवर, संकेतांवर, दुसऱ्याच्या मनातले ओळखण्यावर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरीही लिहिते आहे, कारण माझ्या स्वतःच्या अनुभवातील त्रुटी मला सापडलेली नाही. कोणाला सापडली तर जरूर कळवावे.

मी मूळची अकोल्याची. बी.एड. मात्र अमरावतीच्या एका महाविद्यालयातून केले. दुसऱ्या वर्षी काही महिने प्रत्यक्ष शाळेत शिकवावे लागते. मला त्यासाठी अकोल्यातच, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातील एक शाळा मिळाली. शेवटी असतो वार्षिक पाठ – बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर बसतात आणि एकाच तासिकेत ठरवतात, तुम्ही शिक्षक होण्यायोग्य आहात की नाही.

माझे गणित पक्के होते. भीती वेगळीच होती. आमच्या अध्यापन पद्धतीच्या मॅडमनी माझ्या सराव पाठांवर दोनदा एकच शेरा लिहिला होता – ‘फळ्याला शिकवता, वर्गाला नाही.’ तोच शेरा वार्षिक पाठावर आला असता, तर पदवी कदाचित मिळाली असती. पण ज्या कामासाठी मी बाकीच्या वाटा सोडल्या, ते मला जमत नाही हे सिद्ध झाले असते.

वार्षिक पाठाच्या आदल्या दिवशी वर्गाला पढवून ठेवण्याची एक रीत आहे. अधिकृत नाही, पण सर्रास चालते. माझ्यासाठी ते काम पल्लवीने अंगावर घेतले. ती पातूरची, त्याच शाळेत माझ्याबरोबर शिकवायला आलेली. नववीच्या वर्गासमोर कमरेवर हात ठेवून ती म्हणाली,

“उद्या मॅडमचा पेपर हाये. तुमचा नाई, त्यायचा! मॅडमनं इचारलं का हात वर करायचे. येत असो का नसो, सगळ्यायनं!”

“अन् न येनाऱ्यालेच उठवलं तं?” एका मुलीने शंका काढली.

“तं तुले उठवू नका म्हून सांगतो मी. आन आयका, मधात कोनी उलटा प्रश्न इचारायचा नाई. टाइम जाते. चूप बसनाऱ्याले चॉकलेट!”

मी शेजारीच उभी होते. हरकत घेतली नाही. वेळेचे नियोजन मलाही महत्त्वाचे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळची तासिका. हिवाळा असल्याने पंखे बंद, खिडक्यांतून भरपूर ऊन. प्रमेय साधे – त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. पक्ष लिहिला, साध्य लिहिले. मग ‘रचना’ : शिरोबिंदू A मधून पाया BC ला समांतर रेषा. ती पट्टीने ओढली... आणि माझी पाठ वर्गाकडे असतानाच मागून आवाज आला –

“मॅडम, थे रेघ तितूनच का... काहून काढली?”

मुलीचा आवाज. थोडा घोगरा, नुकतेच झोपेतून उठल्यासारखा, ‘काहून’पाशी अडखळलेला.

पहिल्यांदा मला रागच आला – एवढे बजावूनही! दुसऱ्या क्षणी लक्षात आले की उत्तर माझ्याजवळ तयार नाही. ही सिद्धता मी स्वतः नववीत असल्यापासून लिहीत आले होते. पुस्तकात ‘रचना’ म्हटले की रेषा काढायची. ती तिथूनच का, हे मी कधी विचारले नव्हते आणि मला कोणी विचारलेही नव्हते.

मी खडू ठेवला. “चांगला प्रश्न आहे,” म्हणत वळले. कोणी उभे नव्हते. विचारून खाली बसली असेल, असे मी गृहीत धरले. पाठाच्या टाचणवहीचे शेवटचे कोरे पान फाडून त्याचा त्रिकोण केला. खालचे दोन्ही कोपरे फाडून वरच्या कोपऱ्याच्या दोन बाजूंना लावून दाखवले. तिघांची मिळून वरची कड सरळ झाली.

“तिन्ही कोन एका जागी आणायचे आहेत,” मी म्हणाले, “मग एकाला घरीच बसू द्या आणि बाकीच्या दोघांना त्याच्याकडे बोलवा. म्हणून रेषा त्या शिरोबिंदूतून. B मधून काढली असती तरी चालले असते. आणि येताना कोणाचे माप बदलायला नको, म्हणून ती समांतर.”

पुढच्या बाकांपासून मागेपर्यंत टराटर कागद फाटू लागले. टाचणातली शेवटची दोन उदाहरणे राहिली आणि घंटा झाली.

परीक्षक टाचण हातात घेऊन आले. “हा भाग यात नाही.”

“नाही सर. वर्गातून प्रश्न आला, म्हणून...”

“वर्गातून?” त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “असू दे. स्वतःच विद्यार्थी होऊन प्रश्न उभा करायचा, ही पद्धत तुम्हाला छान जमली.”

त्यांना नीट ऐकू आले नसावे, असे मला वाटले. पण व्हरांड्यात पल्लवीही हसत आली. “नाटक लय भारी केलं वं! ‘चांगला प्रश्न आहे’ म्हने. कोनाले म्हनली?”

“अगं, मागून विचारलं ना कोणीतरी.”

“मी मांगंच बसली होती, माय. एक चूं नाई निंगाली कोनाची. मी दम तसाच देल्ला होता!”

तिने मोबाइलवर माझा पूर्ण पाठ चित्रित केला होता. आम्ही हेडफोन लावून तो भाग ऐकला. खडूचा आवाज. पट्टी फळ्यावर टेकल्याचा आवाज. बाहेर ऑटोचा हॉर्न. मग शांतता... आणि मग मी – “चांगला प्रश्न आहे.” मध्ये काहीही नाही. त्याच मोबाइलने थोडे आधी दोन मुलांची कुजबूजही टिपली होती.

कारण उघड होते – ताण. प्रश्न माझ्याच मनातला. मला तो बाहेरून आल्यासारखा वाटला. या स्पष्टीकरणाने माझे समाधान झाले, आणि मी निवांत चहाही प्यायले.

शाळा सुटल्यावर जिन्यात वैष्णवी थांबलेली दिसली. खिडकीजवळच्या मागच्या बाकावरची ही मुलगी बोलताना अडखळते म्हणून वर्गात बोलतच नसे. हजेरीलाही नुसता हात वर करी. इतक्या आठवड्यांत मी तिचा आवाज ऐकलेला नव्हता.

“मॅडम...” ती म्हणाली, आणि मी पायरीवरच थबकले. थोडा घोगरा. नुकतेच झोपेतून उठल्यासारखा.

“मी तं इचारलंच नव्हतं. तुमाले कसं समजलं?”

“काय विचारलं नव्हतंस?”

“थे रेघ तितूनच का... काहून काढली, थे. पार तोंडात आलं होतं माह्या. पन त्या मॅडम इचारू नका म्हने ना... मंग गिळून टाकलं.”

“कोणाला बोलली होतीस?”

तिने नकारार्थी मान हलवली. मग मुठीतला फाडलेला त्रिकोण दाखवला. “पन समजलं मले,” म्हणाली आणि धावत खाली गेली.

तिचा आवाज पूर्वी कधीतरी व्हरांड्यात कानावर पडला असेल – शक्य आहे. तोच प्रश्न दोघींना एकाच वेळी सुचला असेल – तेही शक्य आहे. पण आवाज तोच, शब्द तेच, अडखळण्याची जागाही तीच, हे सारे त्याच क्षणी? ती पुटपुटली असेल, असे पल्लवी म्हणते. पण मोबाइल वैष्णवीच्याच बाकाशेजारी होता. आणि मी सर्वांत दूर, फळ्याकडे तोंड करून.

निकाल चांगला लागला. तो शेरा पुन्हा आला नाही. परीक्षकांनी मात्र मी न वापरलेल्या पद्धतीचे कौतुक लिहिले आहे.

आता मी अमरावतीच्या एका शाळेत शिकवते. ‘रचना’ लिहून रेषा ओढली की तशीच, वर्गाकडे पाठ करून, क्षणभर थांबते. त्यानंतर मागून कधीच काही ऐकू आलेले नाही. मग वळून मीच विचारते, “ही रेषा इथूनच का?” आणि ज्यांचे हात वर नसतात, त्यांच्याकडे आधी पाहते.

त्या दिवशीचे स्पष्टीकरण माझ्याजवळ अजूनही नाही. सिद्धतेत एवढी मोठी पायरी गाळून एखाद्या विद्यार्थ्याने थेट उत्तर लिहिले असते, तर मी त्याला गुण दिले नसते.