गार्डाची बिअर

"बाटलीवर माझ्या नोकरीचं नाव छापलंय की राव, आन मलाच थेंब न्हाई?"

आमचे भाडेकरू अढीच्या खोलीच्या दारात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की वीस डब्यांपलीकडच्या ड्रायव्हरला शिट्टीशिवाय कळावं. गृहस्थ रेल्वेत गार्ड होते. रत्नागिरीला रेल्वे नुकतीच आली होती आणि तिच्यामागोमाग मिरजेकडून हेही आले होते, आमच्या मागच्या दोन खोल्यांत. मी दार अडवून उभा होतो. माझ्या पाठीशी, भाताच्या पेंढ्यात, हापूस आंब्यांच्या रांगेत, एक फ्रेंच बिअरची बाटली आडवी झोपली होती.

त्यांचं चुकत नव्हतं. बाटलीवर मोठ्या अक्षरांत खरोखरच गार्ड लिहिलं होतं. शेवटी एक ई जास्तीचा होता, पण फ्रेंच माणसाला अक्षरांची काय कमी. बाकीचं मला वाचता येत नव्हतं. आता, एखादी गोष्ट मला माहीत नाही म्हणून मी ती सांगायची सोडली, असं आयुष्यात कधी घडलेलं नाही. मीच त्यांना सांगितलं होतं की फ्रान्सात शेवटच्या डब्यात एकटा बसणारा गार्ड थंडीने गोठतो, म्हणून त्याच्यासाठी ही खास कडक बिअर करतात. ड्रायव्हरने ती घेतली तर नोकरी जाते, आणि गार्डाने बिल्ला दाखवल्याशिवाय दुकानदार बाटलीला हात लावू देत नाही. गार्डसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ते बिल्ला घेऊनच आले.

मी नाही म्हणालो. बिल्ला खरा होता, पण मला शपथ होती.

शपथ माझ्या मित्राची. बिगरीपासून आम्ही एका बाकावर. पुढे तो बोटीवर लागला. नऊ महिने पाणी, तीन महिने घर. त्या खेपेला सुट्टीवर आला तो स्टेशनावरून सरळ माझ्याकडे. घरी आईलासुद्धा अजून भेटला नव्हता. पडवीत बसला, बॅगेतून एक लोकरी मोजा काढला आणि मोज्यातून ही बाटली. जाड काच, तोंडाला बूच, बुचावर तार. फ्रान्सच्या उत्तरेच्या एका बंदरात कुणा म्हाताऱ्याच्या दुकानात मिळाली म्हणाला. मोठ्या कारखान्यातली नव्हे, एका शेतकरी कुटुंबाने घरच्या जवापासून केलेली. लगेच प्यायची नाही, ठेवायची; ठेवली की मुरते. दोन वर्षांनी फोडू.

"एकच आहे," तो म्हणाला. "तू आणि मी. तिसऱ्याला वाससुद्धा द्यायचा नाही."

बिअरची शपथ तुळशीसमोर घेता येत नाही, म्हणून आम्ही ती विहिरीच्या रहाटावर हात ठेवून घेतली.

हसण्यावारी नेतोय खरा, पण मला ते फार लागलं, चांगल्या अर्थाने. हा माणूस सगळं जग फिरलेला, बंदराबंदरात ओळखी. आणि जिवाची वस्तू ठेवायची तर आईच्या आधी त्याला मी आठवलो. माझी सगळी फुशारकी वजा केली तर खाली जे थोडंसं उरतं, त्यात ही गोष्ट होती.

मुरवायची म्हणजे काय करायचं, हे मात्र त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आमच्याकडे कच्ची वस्तू चांगली व्हायची तर ती अढीत जाते. काळोखी खोली, खाली पेंढा, वर आंबे, वर पुन्हा पेंढा. आठ-दहा दिवसांत हिरवा दगड असतो त्याचा हापूस होतो. बाटलीला मी दोन हंगाम दिले. दर चार दिवसांनी आंबे चाळताना तिलाही कूस बदलून द्यायचो, बुचाशी नाक नेऊन वास घ्यायचो, आणि सवयीने अंगठ्याने दाबूनही बघायचो. बाटली काही मऊ पडली नाही. मे महिन्यात त्या पेंढ्यात अशी ऊब असायची की सकाळी अंडं ठेवलं तर दुपारी कोंबडा आरवावा.

गावभर बातमी झाली, कारण गावभर मीच सांगत होतो. बाटली शंभर वर्षांची झाली, मग दीडशे. मेहुण्याच्या लग्नाला तिची मागणी आली, मी दिली नाही. बायकोने महिनाभर माझ्याशी फक्त मीठ आणि मुलांची फी एवढंच बोलणं ठेवलं. एकदा पेंढा बदलताना म्हणाली, "माझ्या बाळंतपणात एवढं जपलं असतंत, तर मी अजून दोन दिली असती." आणि गार्डसाहेब. आधी मी स्टेशनावर दिसलो की ते हिरवा बावटा माझ्याकडे बघून एकदा जास्त हलवायचे. मी लोकांना सांगायचो, माझ्या परवानगीशिवाय गाडी सुटत नाही. त्या दिवसानंतर बावटा हलायचा, पण तोंड दुसरीकडे. चांगला माणूस होता. एक घोट दिला असता तर माझं काय जात होतं? पण तिसऱ्याला वाससुद्धा नाही.

दुसरा हंगाम उलगत आला तेव्हा मित्र आला. रविवारची दुपार, बायको माहेरी. मी बाटली पेंढ्यातून काढून, बाळाला बाहेर आणावं तशी पडवीत आणली. त्याने लेबल पुसलं. मी त्याला गार्डाचा सगळा किस्सा सांगितला, थोडा वाढवून. तो खूप हसला.

"गार्ड नव्हे रे मेल्या, गार्द. म्हणजे राखण. राखून ठेवायची बिअर."

राखण म्हटल्यावर मला तर बरंच वाटलं. आमच्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार असतो, कुणाला दिसत नाही, पण सगळं सांभाळतो. म्हटलं, दोन वर्षं मीच की तो.

तार सोडवली तोच बूच सुटलं. ते कौल फोडून भाट्याच्या खाडीत जाऊन पडलं असं मी पुढे सांगत आलो आहे. खरं तर ते पन्हळीत सापडलं. फेस तिसरा हिस्सा घेऊन गेला. उरलेलं आम्ही दोन काचेच्या ग्लासांत ओतलं. रंग काकवीचा, उन्हात धरला तर कडेला तांबूस. मला बिअर म्हणजे पिवळी, कडू, बर्फासारखी गार, एवढंच ठाऊक. ही कोमट होती, आणि कडू नव्हतीच. पहिल्या घोटाला भाकरीचा करपलेला पापुद्रा लागला. मग मोड आणून भाजलेल्या नाचणीची गोडी, लहानपणी आजारपणात देतात त्या सत्त्वाची, पण अंगात आलेल्या सत्त्वाची. मग तव्यावर जरा जास्त झालेला गूळ, आणि गिळल्यावर मागे जुन्या लाकडी पेटीचा, ओल्या बुचाचा वास. सगळ्यावर अगदी पातळ, एक ओळखीचा वास होता, अढीतल्या कोपऱ्यात विसरलेल्या आंब्याचा. तो फ्रान्सातला नव्हता, तो माझा होता. दुसऱ्या घोटाला कान गरम झाले. मला बोलायला शब्द सुचेना. मित्राखेरीज साक्षीदार नव्हता म्हणून, नाहीतर हा चमत्कार नोंदवण्यासारखा होता.

मित्राने घोट तोंडात घोळवला आणि मान कलती केली.

"तुझी जरा जास्त पिकली," तो म्हणाला. "देवरुखची बेतात होती."

मला आधी वाटलं, देवरुखची म्हणजे कुठली काकवी. विचारलं, देवरुखचं काय. तो ग्लासातला रंग बघत सहज सांगत गेला. तिकडे कॉलेजात शिकवणारा एक दोस्त आहे, त्याने कपाटामागे गार जागी ठेवली होती, ती परवा फोडली. त्याच्या आधी दाभोळची. तिथे बोटीवरचा जुना सोबती असतो. खाऱ्या हवेने बूच जरा नासलं होतं, पण आत ठीक होती.

मोजे जोडीने येतात, हे मला दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. एक जोडी आणि वर एक.

"त्यांनाही सांगितलंस?" मी विचारलं. "एकच आहे म्हणून?"

"हो. म्हणजे मग लोक नीट सांभाळतात."

लाजला नाही, चिडला नाही, नजर चुकवली नाही. बोटीवरचा माणूस सामान कुठे बांधलं ते सांगतो, तसं सांगितलं. मागच्या खोलीत गार्डसाहेब ड्यूटीचे बूट घालत होते, त्यांची टाच जमिनीवर आपटल्याचे दोन ठोके आले. बावट्याची गुंडाळी काखेत मारून ते अंगणातून गेले. पडवीकडे बघितलं नाही, पण वास त्यांना नक्की आला असणार. वेशीवरच्या राखणदाराला निदान वर्षाला एक कोंबडा मिळतो, आणि तो एकच कोंबडा आहे असं कुणी त्याला सांगत नाही.

मी उरलेलं संपवलं. चव तीच होती, तितकीच चांगली, आणि त्याचाच जास्त राग आला. मला खोटं सांगणारा माणूस भेटला याचं दुःख मी कोणत्या तोंडाने करायचं? पण मी खोटं सांगतो ते ऐकणाऱ्याने सांभाळून ठेवावं म्हणून नाही.

तरी मी त्याला एक वाट ठेवली. म्हटलं, बरं, तीन तर तीन. दुनियेत तुझे एवढे दोस्त, त्यांतून तीन घरं निवडलीस, त्यांत एक माझं. ते का? बाकावरचं काहीतरी सांगेल, एकत्र पोहायला शिकलो ते सांगेल, काहीही चाललं असतं. मी तर थोडं वाढवूनही घेतलं असतं.

त्याने बाटली उचलून तळाशी गाळ किती उरलाय ते बघितलं.

"तुझं घर वाटेवर पडतं," तो म्हणाला.