दुसरी ट्रॉली
कुठे मैदान आखले जात असले की फक्कीचा तो कोरडा, नाकात चढणारा वास येतो आणि नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या गावातली सकाळ आठवते. गाव वाढले होते, मुख्य रस्त्यावर दुभाजक होणार होता, आणि वाहने वळण्यासाठी सोडायची जागा एका तरुण अभियंत्याने फक्कीने आखली होती. मी बातमीसाठी उभा होतो. गाळप हंगाम सुरू होता. रस्त्याच्या कडेला उसाचे पाचट पडले होते. तेवढ्यात जवळच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. उसाचे ट्रॅक्टर इथे वळले नाहीत, तर ते आमच्या शाळेच्या गल्लीतून जातील, असे त्या म्हणाल्या. "नकाशावर वळतात, बाई," अभियंता म्हणाला. बाईंनी येणारा ट्रॅक्टर हात करून थांबवला. चालक त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. "साहेबांना वळून दाखव रे." "दाखवतो की बाई. पण मागली ट्रॉली लई वांड हाय, तुमच्या वर्गात मी हुतो तशी." ट्रॅक्टर वळला, पहिली ट्रॉली वळली, दुसरीचे चाक मात्र रेघ पुसत दुभाजकाच्या जागेवर चढले. "आम्ही एकच ट्रॉली धरली होती," अभियंता हळूच म्हणाला आणि टेप घेऊन नव्याने मापे घेऊ लागला. शाळेची वेळ झाली म्हणून बाई निघून गेल्या. 'प्रत्यक्ष पाहणीनंतर अभियंत्यांनी जागा वाढवली,' असे मी बातमीत लिहिले. आता तिथे ट्रॅक्टर सहज वळतात, शाळेची गल्ली मोकळी असते. ती पाहणी कुणी करायला लावली, हे मात्र मी लिहिले नव्हते.