होळीला सापडलेला पंच

सन २०२१. मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू होतं. श्रावणातल्या एका दुपारी मला जो फोन आला, तो आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

"फौजदार, एक टेम्पो चाललाय दिंडोरी रोडनं शहराकडं. द्राक्षाच्या पेट्या भरल्यात."

"मग?"

"मग काय मग? आवो, श्रावण चाललाय! बागांना नुसता पाला हाय. घड कुठून आणले त्यानं?"

बोलणारा माझा जुना बातमीदार. रस्त्याच्या कडेला पेरू विकायचा आणि दिवसभर येणारी-जाणारी वाहनं बघायचा. म्हणाला, "रिकाम्या पेट्या असत्या तर गाडी उड्या मारीत गेली असती. ही तर बसलीय पार खाली."

माझं शिक्षण सातवीपर्यंत. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. कुणाच्या चिठ्ठीवर वर चढलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अमली पदार्थाच्या केसमध्ये एक कागद चुकला की आरोपी हसत घरी जातो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण कोर्टात बसून बसून पाठ झालं होतं. बातमी ताबडतोब स्टेशन डायरीला घेतली, मोठ्या साहेबांना लेखी कळवली, वजनकाटा, लाख, सील गाडीत टाकलं आणि साहेबांसह निघालो.

राहिले पंच. आता अशा केसला शक्यतो सरकारी नोकर पंच घेतात. त्या दिवशी सुट्टी होती, कुणी मिळालं नाही. रस्त्यावरच्या माणसाला "पंच हो" म्हटलं की त्याला एकदम घरची आठवण येते. पानवाल्यानं तर माझ्यासमोर अर्धं शटर ओढलं. शेवटी एक दुकानदार तयार झाला आणि दुसरा मिळाला जीपची वाट बघत उभा असलेला एक मजूर. पेठकडच्या डोंगरातला, द्राक्षबागेत कामाला येणारा. नवीन घोंगडी खांद्यावर घेऊन घरी निघाला होता.

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

"मंग जीप सापडंल ना सायेब?"

"सापडेल की."

दोन मिनिटं आम्ही पोलीस सगळेच म्हणतो.

टेम्पो नाक्यावर अडवला. चालवणारा सिन्नरकडचा, टेम्पो त्याचाच, वय चाळिशीच्या आत, तोंडावर हसू.

"काय आहे पेट्यांत?"

"बेदाणे आहेत, साहेब."

"कुठं चालवलेस?"

"पिंपळगावला."

"पिंपळगाव त्या अंगाला राहिलं आणि तू नाशकात शिरतोयस. बेदाणे देवदर्शनाला आणलेस का?"

साहेबांसमोर, पंचांसमोर पेटी उघडली. वरती वर्तमानपत्र, खाली गांजाची पुडकी. प्रत्येक पेटीत तेच. वास असा सुटला, की आमचा वजन करणारा हवालदार तोंडाला रुमाल बांधून उभा राहिला. माल एवढा भरला की जामीन सहजासहजी मिळणार नाही, हे त्या टेम्पोवाल्यालाही कळलं. वजन, सील, लेबलं, सह्या यांत संध्याकाळ झाली. पंच बिचारा अधूनमधून रस्त्याकडं बघायचा. शेवटची जीप त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

ठाण्यात विचारपूस मीच केली. मी हात उचलत नाही. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते बोलतो, आणि हवं ते बोलणारा माणूस केसच्या कामाचा नसतो. मी चहा मागवला, भजी मागवली आणि त्याला एवढंच विचारलं, "गड्या, द्राक्षाचीच पेटी का घेतली? कांद्याच्या गोणीत घातला असतास तर मी हात हलवून पुढं जाऊ दिलं असतं."

त्यानं हातातलं भजं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आमच्या सिन्नरकडं कुठं एवढ्या बागा, साहेब? मागच्या सीझनच्या पेट्या घरात पडून होत्या. छान बंद व्हायच्या. म्हटलं, नाशिक म्हणजे द्राक्षंच. कोण बघतंय?"

"नाशिकमध्ये द्राक्षाकडं सगळे बघतात," मी म्हणालो.

तो हसला. नंतर स्वतःच सांगितलं, की तशाच पेट्या गोठ्यावरच्या माळ्यावर आणखी आहेत. पुन्हा पंचनामा, पुन्हा वजन. तपास पुरा झाला, मुदतीत दोषारोपपत्र गेलं आणि मी छाती फुगवून निवृत्त झालो. माझी शेवटची केस पक्की होती.

पक्की होती, पण चालेना. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात जायचो, पुकारा व्हायचा, सरकारी वकील मॅडम उठून सांगायच्या, पंचावर समन्स बजावलेलं नाही. दुसरा पंच, तो दुकानदार, दुकान विकून कुठं गेला कुणालाच माहीत नव्हतं. सगळी मदार त्या मजुरावर. मग पुढची तारीख. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही रिटायर झालात की कोर्टात बदली झाली?"

२०२५ उजाडलं. मी एकसष्टीला आलो. तेव्हा आरोपीच्या वकिलानं अर्ज टाकला: खटला चालतच नाही, माणूस किती वर्षं असाच आत ठेवायचा, जामीन द्या. मला वाटलं, अशा केसमध्ये कुठला जामीन? पण मॅडमनी सांगितलं, "आता वरची कोर्टं हे मुद्दे ऐकतात, काका. कायदा कडक आहे हे खरं. पण खटला लांबवून माणसाला आत ठेवता येत नाही."

"लांबवला कुणी? आम्ही?"

"आरोपीनं तरी कुठं लांबवला?"

यावर मी चिडलो. न्यायाधीशांनी त्या दिवशी स्पष्ट सांगितलं, की पुढच्या तारखेला पंच आला नाही तर अर्जावर आदेश करावा लागेल. बाहेर नेताना टेम्पोवाला मला म्हणाला, "फौजदार, तुमचा पंच काय यायचा नाही. तारखाच मला सोडवणार बघा."

मी म्हणालो, "तुला सोडवील तर निकाल सोडवील. तारीख नाही."

बोललो खरा. आता पंच आणायचा कुठून?

ठाण्यात गेलो. समन्सचं काम एका पोलीस अंमलदार मुलीकडं होतं. मुलगी कामसू. म्हणाली, "काका, मी दरवेळी गेले आहे. दाराला कुलूप नाही, नुसतं लोटलेलं. आत एक कोंबडी. शेजारी म्हणतात, बागेवर गेला. कुठल्या बागेवर? तर म्हणतात, दिंडोरीकडं. दिंडोरीत बागा काय एक-दोन आहेत?"

"फोन?"

"नंबर बंद. माणसं सिम बदलतात."

मी घरी येऊन ओट्यावर बसलो. माझं घर पेठ रोडला. बघतो तर एकामागून एक पिकअप चाललेल्या. बायका, पोरं, गाठोडी, नवीन कपडे, एकीत तर मोठा स्पीकर. सगळ्या गाड्यांची तोंडं पेठकडं. बायको आतून म्हणाली, "चालली बागेतली माणसं होळीला. आता आठ दिवस भाजी तोडायला कोणी मिळायचं नाही."

मी उठून उभाच राहिलो. आमची समन्सं जायची ती तारखेच्या हिशोबानं. छाटणीला गेली, विरळणीला गेली, काढणीला गेली. हे लोक नेमके तेव्हा बागेत. डोंगरात घरी असतात ते दोनदाच: होळीला, आणि पावसाळ्यात भाताची आवणी करायला. पत्ता बरोबर होता. महिना चुकत होता.

मुलीला फोन लावला. "समन्स घे, गाडी काढ. उद्याच."

"काका, उद्या होळी आहे!"

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाड्यावर पोहोचलो तेव्हा होळीची लाकडं रचून झाली होती आणि ढोल चालू होता. पंच नाचणाऱ्यांत होता. मला बघताच त्याचे पाय थांबले.

"सायेब, परत दोन मिनिटं का?"

मुलगी एवढी हसली, की समन्स हातातून खाली पडलं. तिनं रीतसर बजावलं, त्यानं अंगठा उठवला. कोर्टात काय बोलायचं, यावर मी एक अक्षर काढलं नाही. साक्षीदाराला पढवणं मला नोकरीत जमलं नाही, आता कशाला? त्याच्या बायकोनं नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली, ती मात्र खाल्ली.

"येशील ना?" निघताना एवढंच विचारलं.

"येईन. पण सांजंपर्यंत बसवू नका."

तो आला. घोंगडी तीच, थोडी विरलेली. माझी साक्ष व्हायची होती, म्हणून मी उघड्या दाराबाहेरच्या बाकावर, पण तिथून सगळं दिसत-ऐकू येत होतं. मॅडमनी विचारलं ते त्यानं सरळ सांगितलं: पेट्या, वास, काटा, लाल लाख. मग आरोपीचे वकील उठले.

"इतक्या वर्षांपूर्वीचं तुम्हाला सगळं आठवतं?"

"व्हय."

"कसं काय?"

"त्या सायबानं दोन मिनिटं म्हणून धरला आन पार सांज केली. माझी जीप गेली. रातभर स्टँडवर बसलो. गुन्हा न करता बसवलेला माणूस इसरतो का, वकीलसाहेब?"

कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले. आरोपीच्या पिंजऱ्यातला टेम्पोवालाही हसला, पण सगळ्यांच्या आधी थांबला.

वकील मागं हटले नाहीत. "हे निवृत्त साहेब तुमच्या गावी आले होते?"

"आले व्हते."

"काय शिकवलं त्यांनी?"

"काय नाय. दोन भाकरी खाल्ल्या आन गेले."

मी छताकडं बघत बसलो. खरं तर तीन खाल्ल्या होत्या, पण साक्षीदाराच्या मध्ये बोलायचं नसतं.

त्या दिवशी जामीन झाला नाही. न्यायाधीशांनी सांगितलं, खटला आता खरोखर सुरू झाला आहे, जवळजवळच्या तारखा देतो. पण सरकार पक्षालाही बजावलं, पुन्हा रखडला तर याच अर्जाचा नव्याने विचार होईल. मग काय, मॅडमनी सगळ्यांची पळापळ केली. माझी साक्ष झाली. उलटतपासात मी एक इंचही हललो नाही, हे कोर्टाच्या कागदावर आहे. आणि आषाढात निकाल लागला. दहा वर्षं सक्तमजुरी, आत काढलेली वर्षं त्यातून वजा.

मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो. वाटलं, आता हा मला शिव्या देणार. टेम्पोवाला जवळून जाताना थांबला. बरोबरच्या शिपायानंही थांबू दिलं.

"फौजदार, जिंकलात."

"मी नाही. निकाल लागला."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला. "इतकी वर्षं बायको भेटायला आली की विचारायची, कधी येणार? मी म्हणायचो, तारीख आहे. दरवेळी तेच, तारीख आहे. आज पहिल्यांदा तिला सांगता येईल, अमुक साली. पोरगी तेव्हा कितवीत असेल तेही सांगता येईल."

आणि तो सुटल्यासारखा हसत गेला. जन्मठेपेला गेलेले, निर्दोष सुटलेले, सगळे मी बघितलेत. पण शिक्षा ऐकून हलका झालेला माणूस पहिल्यांदाच बघितला.

मी काही मऊ झालेलो नाही. गांजा विकणाऱ्याला धरलंच पाहिजे आणि तो पक्का आतच गेला पाहिजे, हे माझं मत आजही तेच आहे. पण जामिनाच्या अर्जावर चिडून काही होत नाही. एक दुपार विनाकारण बसवलेला पंच ते वर्षानुवर्षं विसरला नाही. मग निकालाविना वर्षं काढणारा काय विसरेल? खटला रखडला म्हणून जामीन, या अर्जाला पोलिसांकडं एकच उत्तर आहे: खटला चालवणं. समन्स खिशात ठेवून माणूस मिळत नाही म्हणणं, हे उत्तर नाही.

घरी आलो, बायकोनं गुळाचा सांजा केला. म्हणाली, "सुटलात एकदाचे कोर्टातून."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो, छत्री घेतली आणि थेट ठाण्यात गेलो. समन्सवाली मुलगी नुकतीच हजर होऊन चहा पीत होती.

"काका, आता काय राहिलं?"

"माझ्या वेळच्या अजून दोन केसेस पडून आहेत," मी म्हणालो. "पंच डोंगरातलेच. आवणी चालू झालीय, सगळे घरी आहेत. चहा संपव, गाडी काढ."