पाण्याचा बांध
पंक्चरच्या दुकानातल्या सोल्युशनचा वास आला की नांदुऱ्यातली आमची सखल गल्ली आठवते. दर पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात शिरायचं आणि अंथरुणाला खिळलेल्या आईची खाट आम्ही विटांवर चढवायचो. एका वर्षी शेजारच्या, ताडपत्र्या दुरुस्त करणाऱ्या खालांनी ताडपत्रीच्या दोन लांबलचक पिशव्या सोल्युशनने चिकटवल्या, जोडीने बांधून गल्लीच्या तोंडाशी आडव्या टाकल्या आणि पंपाने त्यांत नाल्याचंच पाणी भरलं. “खाला, पाण्यानं पाणी कसं अडन?” मी विचारलं. “त्याचं वजन पाह्य ना बेटा,” त्या म्हणाल्या. पिशव्या गुडघाभर फुगल्या. पलीकडे गढूळ पाणी चढत राहिलं, अलीकडे गल्ली तशीच. आईनं खाटेवरून हात खाली सोडून जमीन चाचपली. “कोरडी हाय रे!” पुढे नोकरीत मोठमोठी धरणं पाहिली, पण असा अचंबा पुन्हा वाटला नाही.