हराळीची फिर्याद

ती घटना आजही आठवली की आधी स्वतःचाच कान पिळावासा वाटतो, मग हसू फुटतं. नामांतराच्या चळवळीची वर्षं होती. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. चहाच्या कपावरून भांडण झालं तरी शंभर माणूस जमायचं, म्हणून आमच्या रजा महिनोन्महिने बंद.

अशात गावाने फुटबॉलच्या स्पर्धा भरवायचं काढलं. पुण्या-हैदराबादला शिकणाऱ्या सुदानी आणि इराणी विद्यार्थ्यांचे दोन संघ यायला कबूल झाले. तेवढ्यावर कमिटीने वेशीच्या कमानीवर 'आंतरराष्ट्रीय' असं रंगवून टाकलं. आम्ही ठाण्यात बसून टिंगल केली, पण गाव खरंच कामाला लागलं होतं. लॉजला चुना लागला, बल्ल्यांची गॅलरी उभी राहिली, स्टेशनच्या रस्त्याचे खड्डे बुजले. मैदानावर तर येलदरीच्या कालव्याचं पाणी देऊन हिरवीगार हराळी वाढवली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कमिटीचे सेक्रेटरी धापा टाकत ठाण्यात आले. ते शाळेत मास्तर होते. संघ ठरवायला हैदराबादला गेलेले, चार दिवसांनी परतले तर मैदानावर गवताची काडी नाही!

"साहेब, सगळं खणून टाकलंय. दिवाळीनंतर सामने, आता पाहुण्यांना काय ढेकळांत खेळवू?"

त्यांचा संशय बौद्ध वस्तीतल्या संघाच्या कप्तानावर होता. मुदत संपल्याचं निमित्त सांगून कमिटीने त्याच्या संघाला प्रवेश नाकारला होता. त्यावर तो भर चौकात म्हणाला होता, "आमाला खेळू देत न्हाईत ना? मग मैदानावर गवत ऱ्हातंय का बघतो." ऐकणारे चार साक्षीदार होते. आमच्या खबऱ्याने वर खबर आणली की त्याच्या घरात कुदळ आहे. कुदळ कोणाच्या घरात नसते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

फिर्याद नोंदवण्याआधी मी त्याला चौकशीला आणून बसवलं. बाविशीतला, काटक तरुण. मी आवाज चढवला, टेबलावर दंडुका आपटला. तो हलला नाही.

"बोललो व्हतो, साहेब. राग आल्ता. पण केलं न्हाई."

"मग कोणी केलं?"

"ते तुमी शोधायचं. मी कसं सांगू?"

उत्तर मला उद्धट वाटलं. आज वाटतं, इतकं सरळ उत्तर मला क्वचितच कोणी दिलं असेल. त्याची रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर पडून होता. त्यावर 'गुन्हा दाखल' एवढे दोन शब्द पडले की नोकरी गेली. त्याची आई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. दुपारपर्यंत तिच्यामागे अख्खी वस्ती उभी होती. कोणी घोषणा दिली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मैदानाचा पंचनामा जमादाराने केला होता. शेरा लिहिण्याआधी एकदा स्वतः पाहावं म्हणून मी सायकल काढली. बांधाबाहेर हराळीचे ढीग घातले होते. एक जुडी उचलली आणि थबकलो. मुळ्या अखंड होत्या आणि माती झटकून स्वच्छ केलेल्या. मी शेतकऱ्याचा मुलगा. हराळीची एक कांडी जमिनीत राहिली तर पुन्हा रान धरते, म्हणून बाप आमच्याकडून अशीच मुळासकट काढून घ्यायचा. नासधूस करणारा माणूस दहा ठिकाणी कुदळ मारतो आणि पळतो. मुळ्या झटकत बसत नाही. हे काम कोणीतरी जीव लावून केलं होतं.

समोरच्या चहावाल्याला पुन्हा विचारलं, "मैदानावर कोणी संशयित दिसलं होतं का?"

"कुणीच न्हाई, साहेब. जमादारांना सांगितलं की."

"बाया होत्या का?"

"हां, बाया खुरपायलत्या ना! दोन दिवस. पण तुमी संशयित माणूस इचारलता."

खुरपणाऱ्या नऊ बाया दोन दिवस भर उन्हात मैदानावर होत्या आणि गावात कोणालाच त्या 'दिसल्या' नव्हत्या.

बायांची टोळी एव्हाना पोखर्णीकडे कापसात गेली होती. मी तिथे जाऊन विचारलं, तेव्हा त्यांची म्होरकी मावशी खुरपं न थांबवता म्हणाली, "मास्तरच गावाला जाता जाता म्हणले, मैदान साफ करून ठेवा, पावणे येणार हायेत. एक काडी ठिवली न्हाई बगा. लय माजली व्हती हराळी!"

मास्तरांना दगड, काचा आणि गाजरगवत काढायचं होतं. जन्मभर हराळीशी झगडलेल्या बाईला साफ म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. परत येऊन मी हे सांगितलं, तेव्हा मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मी ठाण्याच्या पायरीवर आलो. खात्यात माफी मागायचा रिवाज नव्हता. वस्तीसमोर, त्याच्या आईसमोर मी त्या तरुणाला म्हटलं, "चूक माझी झाली. मला माफ कर." त्याने मान डोलावली. आई रडू लागली. पडताळणीच्या कागदावर मी तिथेच सही केली.

मग जे झालं ते त्या मुलखात आधी कधी झालं नसेल. शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून हराळी आणून टाकली. "न्या, साहेब, पायजे तेवढी न्या!" मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "जल्मभर उपटली, आता लावू व्हय?" पण लावली तिनेच, ओळीत, बोटभर अंतराने. मास्तरांनी स्वतः वस्तीत जाऊन त्या संघाची नावं लिहून घेतली. कप्तान पोरं घेऊन लावणीला आला. "मैदान कमिटीचं असंना, खेळायचं आमालाच हाय," म्हणाला.

दिवाळीनंतर सामने झाले. वस्तीच्या संघाने सुदानी पाहुण्यांना दोन-एकने हरवलं. दुसरा गोल त्या तरुणाचा. गॅलरी अशी नाचली की बल्ल्या मोडतात की काय याची मला धास्ती, आणि त्याच वेळी मीही टोपी उडवत होतो. ज्या मास्तरांनी त्याच्यावर बोट ठेवलं होतं, त्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं.

पुढे साक्षीदाराला 'संशयित कोणी दिसलं का' असं मी कधी विचारलं नाही. 'काय काय दिसलं ते सगळं सांगा' एवढंच म्हणत गेलो. पोलीस सगळ्यांची उलटतपासणी घेतो, आपल्या प्रश्नाची घेत नाही. त्या दिवशी मी सायकल काढली नसती तर एका निरपराध माणसाचं आयुष्य दोन शब्दांत संपवलं असतं आणि चांगली कामगिरी म्हणून मिरवलं असतं. सामना तो जिंकला. सुटलो मात्र मी.