उपरण्याखालचा कौल

माझ्या व्याह्यांच्या नजरेतून सुटलेले खोंड नगर जिल्ह्यात अद्याप जन्मलेले नाही, असे घोडेगावच्या बाजारात मानतात. त्यात अतिशयोक्ती आहे. पण ती किती, हे मोजण्याचे साधन माझ्याजवळ नाही. मी नागापूरच्या कारखान्यात आयुष्यभर मापे तपासली. जे मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवणे मला जमत नाही. व्याह्यांनी मात्र चाळीस वर्षे केवळ नजरेवर गुरांची दलाली केली.

कोणतीही वस्तू ते मागच्या बाजूने पाहू लागतात. माझ्या मुलीला पाहायला आले तेव्हा त्यांनी आधी आमच्या घराला मागून वळसा घातला. “पुढून समदेच सजवत्यात, पाव्हणं,” असा खुलासा त्यांनी चहा घेताना केला. फ्रीज घेताना त्याच्या पाठीवर थाप मारली. पंखा पसंत करण्यापूर्वी तो दुकानात तासभर फिरवून ‘दम लागतो का’ ते पाहिले. चष्मा त्यांनी कधी लावला नाही. “नजर भाड्यानं आनायची नसती,” असे ते म्हणत, आणि म्हणताना माझ्या चष्म्याकडे पाहत.

आमची दोघांची एकच नात. ती अभियांत्रिकी शिकते आणि संगणकावर बंदुकांचे खेळ खेळते. महाविद्यालयाच्या संघात तिची निवड झाली, तेव्हा तिला नवा मॉनिटर हवा झाला. साधा बारा हजारांचा होता; तिने सांगितलेला बावन्न हजारांचा. मी कारण विचारले.

“नाना, साधा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, हा दोनशे चाळीस वेळा. समोरचा मला आधी दिसतो.”

“बावन्न हजारात कामाला आलेला गोऱ्हा येतोय,” व्याही म्हणाले. “हाक मारली तर वळतो तरी! पन बघू. माझ्या नजरंला फरक दिसला तर घेऊ. न्हाई दिसला तर न्हाई.”

शब्द दिला गेला. नातीचा मॉनिटर आणि व्याह्यांची नजर, दोन्ही पणाला लागले.

सावेडीतल्या दुकानात व्याही सरळ मॉनिटरच्या मागे गेले. तारा जोडण्याची भोके निरखून “दात नवं हायेत” असा शेरा दिला आणि पुढे येऊन म्हणाले, “आता चालवून दावा.” दुकानदाराने दोन्ही पडदे शेजारी लावून चालवले. मला दोन्ही सारखेच दिसले. व्याही वाकले, बसले, लांब गेले. डोळे पुसले. मग, “काच कशी हाय बघू,” म्हणून माझा चष्मा मागून लावला आणि मुकाट्याने परत केला.

कारखान्याच्या सवयीने मी चाचणी सुचवली. महागडा मॉनिटर साठवरही चालतो, असे दुकानदार म्हणाला होता. नातीने दाराकडे तोंड करावे, त्याने वेग बदलावा, तिने वळून ओळखावा. पाच वेळा केले. माऊस जरासा हलवून ती पाचही वेळा अचूक बोलली. कोणत्या खुणेवरून, ते मला कळले नाही. माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. जो फरक दोन म्हाताऱ्यांना दिसत नाही, तो आहे असे म्हणावे की नाही?

“आबा, दिसला ना?” नातीने विचारले.

व्याह्यांनी खांद्यावरचे उपरणे काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकले. गुरांचा भाव बाजारात असाच, झाकल्या हाताने, बोटे दाबून ठरतो. तिसऱ्याला कळत नाही. ते माझ्या कानाशी आले. “दिसला असंल तर अंगठा दाबा. न्हाई तर करंगळी. पन खरं.”

मी त्यांची करंगळी दाबली. त्याच क्षणी त्यांनी माझी करंगळी दाबली.

आमचे हात झाकलेले पाहून दुकानदाराने, कोणी काही न मागता, दोन हजार कमी केले. व्याह्यांनी उपरणे झटकून खांद्यावर टाकले.

“दिसला! बांधा,” ते मोठ्याने म्हणाले. बाहेर आल्यावर मला एवढेच म्हणाले, “पाचात पाच, पाव्हणं. तिची नजर हाय.”

स्पर्धेत नात दुसऱ्याच फेरीत हरली. मॉनिटर उत्तम आहे, मीच चुकले, असे तिने सांगितले. तेव्हा ते पन्नास हजार योग्य होते की अयोग्य, हे मला आजही ठरवता येत नाही.

मागच्या आठवड्यात व्याह्यांनी मला घोडेगावच्या बाजारात नेले. त्यांनी एका बैलाला मागून दोनदा फेरी घातली, तो चालवून पाहिला. मग मोबाईलवर त्याची चाल टिपून नातीला पाठवली. थोड्या वेळाने उत्तर आले. ते वाचायला त्यांनी मोबाईल माझ्याकडे दिला. ‘आबा, मागचा डावा पाय किंचित दबतोय. घेऊ नका.’ मी वाचून दाखवले.

त्यांनी बैलाकडे पुन्हा पाहिले. बराच वेळ पाहिले. मग उपरणे आमच्या हातांवर टाकले. कोणतेही बोट दाबले नाही; नुसता हात धरून उभे राहिले.

मीही हात काढून घेतला नाही.