आन् थोरल्याचं काय?

प्रवचन रंगात आलं की बायकांच्या बाजूनं सगळ्या वस्तीची आत्या उठायची. पदर खोचायची आणि भर देवळात विचारायची, "आन् थोरल्याचं काय?"

देऊळ म्हणजे आमच्या नेवाश्याकडच्या वस्तीतलं पत्र्याचं चर्च. बसायला सतरंज्या, बूट-चपला बाहेर. बायबलातला उधळ्या पुत्राचा दाखला वर्षातून एकदा तरी यायचाच. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सगळं उधळतो, डुकरं राखायची वेळ आल्यावर घरी परततो. बाप धावत जाऊन मिठी मारतो, पोसलेलं वासरू कापतो. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि दाराबाहेरच थांबतो. मी जन्मभर राबलो, मला कधी एक करडूसुद्धा नाही दिलंत, म्हणतो.

"आत्या, बसा," पाळकसाहेब म्हणायचे. "प्रवचन चालू आहे."

"चालू हाय म्हनूनच इचारते. संपल्यावर तुमी जेवायला जाता."

"देवाचा न्याय म्हणजे दया, आत्या."

"करा की दया! मी कुठं नको म्हनते? पन वासरू काय आपल्या आपन पोसलं व्हय? थोरल्यानंच घातला आसंल ना त्याला चारा?"

वस्ती हसायची. मी हसायचो नाही. मी स्वतः धाकटा. पुण्याला नोकरी, नाताळात चार दिवस गावी. थोरल्या भावानं वर्षभर सांभाळलेल्या आईच्या हातच्या करंज्या खायच्या आणि तिचं पथ्यपाणी कसं सांभाळावं, यावर त्यालाच सल्ले द्यायचे. मला बघितलं की आत्या विचारायची, "किती दिसाचा पाव्हना?" म्हणून देवळात थोरल्याचा प्रश्न आला की मी माझ्या मोज्यांकडे बघत बसायचो. एकाला भोक असायचंच.

आता, आत्याला या थोरल्याचा इतका पुळका का, हे वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ बापाच्या चार शेळ्या घोडेगावच्या बाजारात विकून पळाला होता. बाप आंधळा झाला. अकरा वर्षं आत्यानं त्याचं हागणंमुतणं काढलं, आणि म्हातारा रोज दाराशी बसून विचारायचा, "आला का गं तो?"

शेवटच्या दुपारी म्हाताऱ्याचा जीव अडकला. आत्यानं आपला हात त्याच्या हातात दिला. "हा घ्या, आला."

म्हाताऱ्यानं हात चाचपला. "लई राठ झालाय रं हात. किती राबलास!" म्हणाला, रडला आणि गेला.

हे सांगताना आत्या हसायची. "माज्या हाताचं कवतिक झालं बाबा येकदा. पन त्याच्या नावावर."

त्यानंतर तीन वर्षांनी, नाताळाच्या सुट्टीत, मी तिच्या अंगणात बसलो असताना तिचा तो पळालेला भाऊ आला. बाभळीखाली उभा राहिला, हातात एक पिशवी. आत्या शेळ्यांसाठी घास कापत होती. विळा थांबला नाही.

"आत्या, उठा की," मी म्हणालो.

"पळत जायला मी काय त्याचा बाप हाय?"

"आक्का, आत येऊ?" त्यानं विचारलं.

"हे शिंगणापूर न्हाई. हितं दाराला कडी हाय."

मग ती उठली. आई मेलेलं दोन दिवसांचं करडू गोठ्यातून आणून तिनं त्याच्या छातीशी दिलं. "हे जगव. जगलं तर कडी निघंल."

तो गोठ्यात राहिला. बाटलीनं दूध पाजायचा, थंडीत करडू सदऱ्यात घेऊन झोपायचा. ताट मात्र रोज वेळेवर बाहेर यायचं. मी पुण्याला निघालो तेव्हा न राहवून बोललो, "आत्या, त्या दाखल्यातला थोरला शेवटी आत जातो ना?"

"वाच नीट. पुढं लिवलंच न्हाई. बाप भाईर येऊन इनवतो, आन् तितंच संपतं." तिनं पेंढी उचलली. "देव आजूनबी भाईरच उभा हाय, धाकट्या. इनवतोय. इनवू दे की जरा!"

करडू जगलं. कडी निघाली. "आधी आंघोळ करायला लावली त्याला," माझ्या थोरल्या भावानं मला फोनवर सांगितलं.

आत्या यंदा गेली. महिन्याभरानं मी गावी गेलो, तर रविवारी नेमका तोच दाखला. पाळकसाहेब दाखल्यातल्या थोरल्यापाशी आले आणि सवयीनं थांबले. सगळ्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. सतरंजीवरची तिची जागा कुणी घेतली नव्हती.

तेव्हा आमच्या, पुरुषांच्या बाजूनं, शेळ्यांच्या वासाचा एक माणूस उठला. हात जोडले नाहीत, मान खाली घातली नाही.

"आन् थोरलीचं काय?"

माझा थोरला माझ्या शेजारीच बसला होता. मी मोज्यातलं भोक झाकायला गेलो आणि हात तसाच राहिला.

पाळकसाहेब त्याला 'बसा' म्हणाले नाहीत. तोही बसला नाही.